मातामायची कोंबडी आजारी पडते

मुखरूच्या घराला दोन दारं होती आणि दोन्ही बुटकी होती. घर बांधताना गावातच दिलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीनं, रुखमाबाईनं सांगितलं, दार पूर्वेला ठेव, लक्ष्मी तिकडून येते. मुखरू म्हणाला, "हाव." मग शेजारच्या गुणवंतरावांनी सांगितलं, दार उत्तरेला ठेव, वारा तिकडून येतो. मुखरू म्हणाला, "हाव." लाकूड होतं एका दारापुरतं. ते दोन्हीकडे वाटलं गेलं. तेव्हापासून त्या घरात लक्ष्मी आणि वारा दोघंही वाकून येत, आणि बाहेर पडताना मुखरू घराच्या मधोमध क्षणभर उभा राहून कुठल्या दारानं जावं याचा विचार करी.

अंगानं तो धिप्पाड होता. धानाच्या बांधीत उतरला की दोन माणसांचं काम एकटा उरकायचा. फक्त कोणी काही सांगितलं की आधी त्याच्या तोंडून "हाव" बाहेर पडायचं आणि मग तो विचाराला लागायचा. लोक त्याला भोळा समजत. भोळा नव्हता तो. समोरच्याचं म्हणणं त्याला खरोखरच पटायचं. अडचण एवढीच, की पुढचा माणूस आला की त्याचंही पटायचं.

त्याचं गाव सावरटोला. पोंभुर्ण्याच्या पुढे रस्ता संपून नुसती बैलबंडीची चाकोरी उरते आणि झाडं अंगावर येऊ लागतात, तिथलं. या गोष्टीच्या आदल्याच वर्षी हे गाव जागचं न हलता मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलं होतं. गुणवंतरावांनी ती बातमी पारावर वाचून दाखवली तेव्हा मुखरूनं घाबरून विचारलं होतं, "मंग मायी बांधी?" बांधीही सोबतच आली आहे हे ऐकून तो समाधानानं घरी गेला होता.

राज्य कोणाचंही असो, सावरटोल्यात पेरणीचा हुकूम सुटायचा तो मातामायचा. शिवेवर मोहाच्या झाडाखाली शेंदूर लावलेले तीन धोंडे, ती मातामाय. मृग लागायच्या आत गावाच्या वतीनं एक लाल कोंबडी तिच्यापुढे न्यायची. चैतू पुजारी तांदळाची लहानशी रास मांडायचा. कोंबडीनं आपल्या मर्जीनं दाणा टिपला की मातामायनं होकार दिला. मग तिथेच कोंबडी कापायची, पुरुषांनी तिथेच शिजवून खायची, आणि घरी येऊन धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायला लागायचं. कोंबडीनं तोंड फिरवलं तर मात्र सारं गाव बियाण्यानं भरलेल्या चुंगड्या धरून बसून राही, देवीचा रुसवा निघेपर्यंत.

कोंबडी कोणाच्या घरची, ते पाळीनं ठरे. चैतू पुजारी येऊन तिला हळदीचा टिळा लावून जाई, आणि त्या घडीपासून ती 'देवाची'. देवाच्या कोंबडीचा एक कडक नियम होता. तिला तांदूळ दाखवायचा नाही. तिनं उकिरडा उकरावा, किडा-मुंगी खावी, मिळेल त्यावर राहावं. आधीपासून तांदळाची गोडी लावणं म्हणजे देवीची फसवणूक, आणि मातामायला फसवून कोणाचं भलं झालं आहे?

गावातल्या इतवारी नावाच्या माणसाच्या आज्याच्या काळी एकदा त्यांच्या घरच्या कोंबडीनं राशीकडे नीट पाहून घेतलं, आणि शांतपणे पाठ फिरवली. त्या घराचं खरं आडनाव काय होतं ते आता त्या घरालाही सांगता येत नाही. गावात ते पाठफिरे, सोयऱ्यांत पाठफिरे. लग्नाची बोलणी निघाली की पलीकडचा माणूस विचारी, "पोरगी कोनाची?"

"पाठफिऱ्याची."

"बरं. तोंड दाखवते का?"

त्या वर्षी पाळी मुखरूची होती. टिळा लागल्यापासून इतवारी पाठफिरे रोज त्याच्या अंगणात येऊन बसू लागला. कोंबडीकडे मायेनं पाहत म्हणायचा, "पाय बा मुखरू, मी काई वाईट चितत नाई. पन गावात आमचं एकच घर हाये ना असं. सोबतीले कोनी असतं तं बरं वाटलं असतं."

मुखरू म्हणायचा, "हाव." आणि रात्री त्याला झोप यायची नाही. त्याचा एकुलता मुलगा घुग्घुसच्या खाणीत कामाला होता, सून वच्छला घरी होती, उद्या नातवंडं होतील. त्या नातवंडांना गाव काय म्हणेल? तोंडफिरे? अनटिपे? मुखरूनं आयुष्यात गावाच्या नजरेत भरेल असं बरं किंवा वाईट काहीच केलं नव्हतं. आता एका कोंबडीच्या चोचीवर त्याच्या सात पिढ्यांचं नाव येऊन बसलं होतं.

तेव्हा त्यानं एक गोष्ट केली. रोज पहाटे घरची उठायच्या आत तो कोंबडीला काखेत घालून गोठ्यामागे जाई, चैतू पुजारी मांडतो तशी दोन बोटांनी तांदळाची रास मांडी, आणि हात जोडून म्हणे, "टिप माय, टिप." ती टिपे. चांगली झडझडून टिपे. ही फसवणूक नव्हे, हा सराव आहे, असं त्यानं स्वतःला समजावलं होतं, आणि नेहमीप्रमाणे ते त्याला पटलंही होतं.

दुसऱ्या दिवशी मातामायपुढे जायचं, अशी सकाळ उजाडली.

"अवो, इकडं या जी लवकर!" भागीरथानं, त्याच्या बायकोनं, हाक मारली. "देवाची पाहा कशी बसली हाये."

मुखरू घाईत आधी पूर्वेच्या दाराकडे गेला, मग उत्तरेच्या दारानं बाहेर आला. बंडीखाली कोंबडी अंगाचा चेंडू करून बसली होती. पिसं फुललेली, तुरा काळपट पडलेला, डोळ्यांवर पडदा ओढलेला. मधूनच चोच उघडी आणि सांगायचं राहून गेल्यासारखी मिटून घेई.

"खाल्लं काई तिनं?" मुखरूनं विचारलं.

"दान्याले शिवली नाई," भागीरथा म्हणाली, आणि का कोण जाणे, एकदम अंगणातली काटकी उचलायला वाकली.

"कालपासून उपाशीच दिसते मले," रुखमाबाई म्हणाली.

"उपाशीच हाये जी बिचारी," वच्छला पदर सावरत म्हणाली.

मुखरूनंही मान डोलावली. पहाटेच तिनं त्याच्या हातची रास शेवटच्या दाण्यापर्यंत साफ केली होती, ही गोष्ट त्याच्या घशापर्यंत आली आणि पुन्हा खाली गेली. मातामायनं पाहिलं होतं. गोठ्यामागेही पाहिलं होतं.

आता सावरटोल्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की कोंबडी गळाठली तर आधी तिच्या गळ्याखालची दाण्याची थैली चाचपायची. त्या दिवशी मात्र त्या अंगणात कोणाचा हात तिकडे गेला नाही. पाय पाहिले, पंख उचलून पाहिले, शेपटीखाली पाहिलं, जीभ पाहिली. गळा तेवढा टाळून उरलेली कोंबडी सगळ्यांनी बारकाईनं तपासली. मुखरूला याचं जरा नवल वाटलं, पण त्याला स्वतःलाही गळा तपासून घ्यायचा नव्हता, त्यामुळे तो गप्प राहिला.

"नजर लागली," रुखमाबाईनं निकाल दिला. "थो पाठफिऱ्या रोज येऊन टकमक पायत बसते. दुसरं काय होईन?"

"हाव," मुखरू म्हणाला.

मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. घरात असा ठसका उठला की माणसं दोन्ही दारांनी बाहेर पडली. कोंबडीला काही झालं नाही. रुखमाबाईचं म्हणणं पडलं की नजर उतरली, पण ती माणसांची उतरली.

"नजर-बिजर काई नाई," भागीरथा म्हणाली. "थंडी भरली तिले. अंग पाहा कसं फुगवून बसली. गरम राखेवर ठेवा."

"जेठ महिन्यात कोनाले थंडी भरते वो?" रुखमाबाईनं विचारलं. "ऊन लागलं तिले, ऊन. वरून ओलं फडकं टाक मुखरू."

मुखरूला दोघींचंही पटलं. त्यानं टोपल्यात कोमट राख पसरली, त्यावर कोंबडी ठेवली आणि वरून ओलं फडकं टाकलं. फडक्याचं पाणी राखेत गळू लागलं. थोड्या वेळानं टोपल्यातून एक लाल तुरा आणि राखाडी चिखलाचा गोळा बाहेर डोकावू लागला. कोंबडीनं एक डोळा उघडून मुखरूकडे असं पाहिलं की त्यानं मान खाली घातली.

तेवढ्यात गुणवंतराव आले. हे रेल्वेत सांधेवाले होते, नोकरी संपवून गावी परतले होते, आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीला सुरुवात करायला त्यांना बल्लारशाच लागे.

"मी बल्लारशाले असतानी," त्यांनी टोपल्यापाशी बसत सांगितलं, "गार्डसाहेबाची कोंबडी अशीच गुमसुम झाली होती. काय निघालं असन?"

"काय जी?"

"एकटेपना."

मुखरूनं "हाव" म्हटलं आणि गुणवंतरावांच्याच घरचा कोंबडा आणून टोपल्याजवळ उभा केला. कोंबड्यानं त्या चिखलाच्या गोळ्याभोवती एक फेरी मारली, मान तिरपी करून विचार केला, आणि तो सरळ पाठफिऱ्यांच्या उकिरड्याकडे निघून गेला.

"पाह्यलं?" गुणवंतराव म्हणाले. "दुखनं मोठं हाये."

मग लसूण झाला. गुळाचं पाणी झालं. बिब्ब्याचा ठिपका झाला. प्रत्येकाच्या औषधावर दुसरा म्हणे, हेच देऊ नका, आणि मुखरू दोघांना हो म्हणून दोन्ही करी. गंमत अशी की पोटात काही घालायची वेळ आली की सगळेच जरा मागे सरत. "जास्त नको," भागीरथा म्हणे. "थेंबभरच," रुखमाबाई म्हणे. गुणवंतरावांनी तर बाहेरूनच हवा घालायचा सल्ला दिला.

मुखरू सुपानं वारा घालत बसला आणि त्याच्या डोक्यात गोंधळ माजला. ही जगावी म्हणून आपण वारा घालतो आहोत. ही जगली तर उद्या कापायची आहे. म्हणजे उद्या मरता यावं म्हणून आज जगवायची. आणि आज ती आपल्या आपण मेली तर ते वाईट, कारण... कारण ते पुढे त्याला सुधरेना. त्यानं सूप दुसऱ्या हातात घेतलं.

दुपारी इतवारी आला. त्यानं टोपल्यात पाहिलं, जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं आणि मुखरूच्या खांद्यावर हात ठेवला.

"घाबरू नको गा. सवय होते. पयली दोनचार वर्षं लोक हासतात, मंग त्यायच्या बी ध्यानात राहत नाई काऊन हासून राह्यलो."

इतवारी निघून गेला तसं मुखरूच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला इतवारीचंही पटलं होतं, हीच तर आफत होती.

मानमोडीची साथ असेल तर गावच्या साऱ्या कोंबड्या जातील, अशी कुजबुज सुरू झाली आणि चैतू पुजाऱ्याला बोलावणं गेलं. चैतू गोंड होता. वाळलेल्या बांबूसारखा उभा, कमी बोलणारा म्हातारा. त्याच्या बापानं मातामायची पूजा केली होती, बापाच्या बापानंही. तो येऊन टोपल्यापासून जरा लांबच बसला आणि चिलीम काढून ती भरलीच नाही.

"मरन का हो चैतूभाऊ?" मुखरूनं विचारलं.

"सारेच मरतात."

"तसं नाई जी. आज मरन का?"

चैतू रिकाम्या चिलमीकडे पाहत राहिला. तो बोलला नाही म्हणून बाकीचे सगळे एकदम बोलू लागले.

"पानी पाज तिले!"

"पानी नको पाजू, छाती भरन!"

"पाय वर करून धर!"

"मी बल्लारशाले असतानी—"

"उभी कर, चालव तिले!"

"राखेतून काढ आधी, चिखलात कोनी बरं होते का वो?"

हे सगळं मुखरूलाच उद्देशून होतं. तो टोपल्यावर वाकला, कोंबडी उचलून मांडीवर घेतली, आणि पाय वर करावेत की उभी करावी या घोटाळ्यात त्याचा तळहात तिच्या गळ्याखाली पडला.

तिथे थैली नव्हती. तिथे बियाण्याची शिवलेली चुंगडी होती. तट्ट भरलेली, गरम, दगडासारखी. बोट दाबलं तर आतले दाणे एकमेकांवर करकरले.

मुखरूला कळलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला कोणी न सांगता कळलं. ही उपाशी नव्हती. ही गळ्यापर्यंत जेवली होती. तांदूळ पाणी पिऊन फुगला होता आणि बाहेर जायला वाट उरली नव्हती. आता सांगितलं तर कदाचित वाचेल, पण गावासमोर तो देवीला फसवणारा ठरेल, आणि मग पाठफिरे परवडले असं नाव पडेल. न सांगितलं तर ही इथेच, मांडीवर, डोळे मिटून जाईल. कोंबडीनं चोच उघडली आणि मिटली.

"थांबा," मुखरू म्हणाला.

कोणी थांबलं नाही, कारण मुखरू असं काही म्हणतो याची कोणाला सवय नव्हती.

"थांबा बाप्पा!" तो ओरडला. "माया हातानं झालं हे. मी रोज सकारी गोठ्यामांगं नेऊन तिले तांदूळ चारत होतो. उद्या टिपाव मनून. तिचा गळा भरला हाये. नाव ठेवा, शिव्या द्या, काई करा. पन आधी हे काढू."

मुखरू खाली मान घालून शिव्यांची वाट पाहू लागला. शिव्या आल्या नाहीत. त्यानं हळूच वर पाहिलं. रुखमाबाई आभाळात काही शोधत होती. भागीरथा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. गुणवंतरावांनी चष्मा काढून पुसायला घेतला होता आणि तो फार वेळ पुसत होते.

"जवसाचं तेल आन," चैतू पुजारी म्हणाला. "कोमट करून."

वच्छला धावली. मुखरूनं कोंबडीच्या चोचीत तेलाचे थेंब सोडले आणि गळ्याखालची ती गाठ बोटांनी चोळायला लागला, आंब्याचा रस करताना आंबा चोळतात तशी, हलक्या हातानं. बऱ्याच वेळानं गाठ सैल लागली. चैतूनं खूण केली तसं त्यानं कोंबडीचं डोकं खाली धरलं आणि गळा हळूहळू चोचीकडे निपटला.

पहिल्यांदा पांढरा जाडा तांदूळ आला. "हे मी टाकलेले," मुखरू म्हणाला. बोलायची गरज नव्हती, पण आता एकदा बोलायला लागला होता तर थांबवेना.

मग पिवळा तांदूळ आला.

सगळे वाकून पाहू लागले. चांगला हळदीत घोळलेला, अक्षतांसारखा. मुखरूनं पिवळा तांदूळ दिला नव्हता. तो चक्रावून इकडेतिकडे पाहू लागला.

"माया चुलीपाशी आली होती थे," रुखमाबाई आभाळाकडेच पाहत म्हणाली. "दुपारच्या वेळेस. मंग देवाच्या कामाले कोरे तांदूळ कसे देऊ रे मी? हळद लावली."

"बाई, तू बी?"

उत्तर यायच्या आत गुळानं चिकटलेला कण्यांचा गोळा पडला. भागीरथा एकदम तडकून म्हणाली, "मायाकडे काय पायता? तुमचं नाव खराब होईन मनून माया जीव जात होता. गुळासंग गोड लागते तिले." तिच्यामागे वच्छला तोंडात पदर कोंबून हसत होती की रडत होती ते कळेना. शेवटी म्हणाली, "मामाजी, मी निसते मुरमुरेच टाकले जी. मुरमुरे तांदूळ थोडीच हाये?"

पुढे आला तो बारीक, लांब, सुगंधी चिनोर. सावरटोल्यात चिनोर रांधणारं घर एकच. गुणवंतरावांनी चष्मा लावला.

"मी बल्लारशाले असतानी," ते म्हणाले.

"राहू द्या भाऊ," मुखरू म्हणाला.

कोंबडी आता पाय हलवू लागली होती. एक शेवटचा घोट तेलाचा बाहेर पडला आणि त्याच्यासोबत राईएवढे बारीक, गोल दाणे. कुटकी. ती या अंगणातल्या कोणाच्या चुलीवर शिजत नव्हती. ती शिजायची गोंडांच्या वस्तीवर, टोल्यावर. माना हळूहळू एकाच दिशेला वळल्या.

चैतू पुजाऱ्यानं चिलीम भरायला घेतली.

"येता-जाता दोन दाने टाकत होतो," तो म्हणाला. "टाकतोच दरसाल. ज्याची पाळी असन त्याच्या कोंबडीले. माया बाप बी टाके."

"पन... इतवारीच्या आज्याच्या येळेस?"

"तेव्हा बाप तापानं पडला होता."

कोणी हसलं नाही. हसायचं आहे की घाबरायचं आहे तेच ठरेना. मुखरूच्या मांडीवर कोंबडीनं पंख झाडले आणि त्याच्या तोंडावर राख उडाली. ती न पुसता त्यानं विचारलं, "मंग होकार कोनाचा हो चैतूभाऊ? मातामायचा का कुटकीचा?"

"कुटकी कोन देते?" चैतूनं विचारलं.

मुखरूनं बराच वेळ विचार केला. "हाव," तो म्हणाला. पण या खेपेला त्याला ते पुरतं पटलं नव्हतं, आणि न पटण्याची सवय नसल्यानं त्याला डोकं दुखल्यासारखं वाटू लागलं.

सकाळी गावचे पुरुष मोहाच्या झाडाखाली जमले. कोंबडी हलकी झाली होती, चालत होती, तुऱ्यावर रंग परत आला होता. आदल्या दुपारपासून तिच्यापुढे कोणी दाणा टाकला नव्हता, आणि या खेपेला ते खरं होतं. तिच्या पायाला बांधलेली दोरी मुखरूच्या हातात होती. चैतूनं शेंदूर लावला, पाणी शिंपडलं, आणि दोन बोटांनी तांदळाची रास मांडली.

कोंबडीनं राशीकडे पाहिलं. त्या पाहण्यात ओळख होती, पण प्रेम नव्हतं. इतके दिवस सकाळ-दुपार-संध्याकाळ जो तांदूळ तिच्या गळ्यात कोंबला गेला होता, तोच हा. तिनं एक पाय उचलला आणि अर्धवट वळली.

इतवारी पाठफिरे नकळत एक पाऊल पुढे आला. त्याच्या तोंडावर दुष्टपणा नव्हता. पाहुणा येणार म्हणून घोंगडी झटकणाऱ्या माणसाचा भाव होता.

"तोंड इकडं कर तिचं!" गुणवंतराव कुजबुजले.

"हात लावू नका, मर्जीनं पायजे!"

"दोरी ढिली सोड!"

मुखरूनं दोरी ढिली सोडली. मातामायसमोर काय मागावं तेही त्याला कळेना. टिप म्हणावं तर ही कापली जाणार. नको टिपू म्हणावं तर नातवंडं अनटिपे होणार. तो नुसता हात जोडून उभा राहिला. काय ते तूच समजून घे, माय.

कोंबडी राशीला वळसा घालून पलीकडे गेली. थांबली. मान तिरपी केली. आणि खटकन एक चोच मारली.

"टिपला!" गुणवंतराव ओरडले.

"तांदूळ नाई टिपला!" इतवारी त्याहून मोठ्यानं ओरडला. "मुंगी होती! मी पायली, काळी मुंगी होती!"

दोन तट पडले. जे जवळ होते त्यांना तांदूळ दिसला होता, जे जवळ होते त्यांनाच मुंगीही दिसली होती. चैतूची नजर अधू. गलका वाढला तसं कोणीतरी म्हणालं, दोरी ज्याच्या हातात होती त्याला विचारा, त्याच्या पायाशी झालं हे.

सगळं गाव मुखरूकडे पाहू लागलं.

"तांदूळच होता ना गा मुखरू?" गुणवंतरावांनी विचारलं.

"हाव," मुखरू म्हणाला.

"मातामायपुढे खोटं नको बोलू!" इतवारी म्हणाला. "मुंगी होती का नाई?"

"हाव," मुखरू म्हणाला.

"लेका, आज तरी एक काई तं सांग!" चारी बाजूंनी गिल्ला झाला.

मुखरूच्या कपाळावर घाम आला. त्यानं डोळे मिटून पुन्हा एकदा ते पाहिलं. "दाना चालून राह्यला होता," तो म्हणाला.

"काय?"

"दाना होता. पन तो चालून राह्यला होता जी. राशीतून निंघून मोहाकडं. मंग थिनं उचलला. दाना मनून उचलला का चालते मनून उचलला, थे मले कसं सांगता येईन?"

चैतू पुजारी गुडघे टेकून जमिनीजवळ वाकला. राशीच्या कडेनं काळ्या मुंग्यांची ओळ लागली होती. प्रत्येकीच्या तोंडात पांढरा दाणा, डोक्यावर भारा घेतलेल्या बायांसारख्या त्या मोहाच्या बुंध्याकडे निघाल्या होत्या. चैतूनं त्या ओळीकडे पाहिलं, मग इतवारीकडे, मग गुणवंतरावांकडे.

"दोघं बी खरं बोलले," तो म्हणाला. "आनला मुंगीनं, घेतला थिनं. मातामायनं कोनाच्या हातून द्याव, हे आपन सांगाचं का तिले? टिपला."

पुजारी टिपला म्हणाला की टिपला. कोणी नारळ फोडला, कोणी चुलीसाठी धोंडे मांडायला लागलं. इतवारी थोडा वेळ एकटाच उभा राहिला आणि मग सगळ्यांत आधी जाऊन सरपण तोच घेऊन आला.

पुढचं मुखरूनं पाहिलं नाही. तो पाण्याचं निमित्त काढून नाल्यावर गेला आणि मडकं भरल्यावरही बराच वेळ तिथे बसून राहिला. परत आला तेव्हा झाडाखाली तिखटाचा वास सुटला होता, पळसाच्या पानांवर भात वाढला जात होता, आणि ज्याच्या घरची कोंबडी त्याला पहिला वाटा म्हणून सगळे त्याच्यासाठी थांबले होते.

"बस गा मुखरू," इतवारीनं शेजारची जागा झाडून दिली.

मुखरू बसला. ज्या गळ्यावरून काल दुपारभर बोटं फिरली होती तो आठवून त्याला घास उचलवेना. मग सगळे थांबले आहेत असं दिसलं म्हणून त्यानं उचलला. मग दुसरा उचलला. मग त्यानं भात मागून घेतला.

तो घरी आला तेव्हा भागीरथा अंगणात बियाण्याचा धान पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"टिपलं?"

"हाव."

"खरंच? कोनी काई मनलं नाई?"

"मुंगी मनलं. मंग चैतूभाऊनं टिपलं मनलं."

यातलं काही भागीरथाला समजलं नाही, पण टिपलं एवढं समजलं. तिनं शिवेच्या दिशेनं हात जोडले. मग नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"मंग तोंड काऊन असं करून राह्यले?"

"कसं?"

"असं." तिनं करून दाखवलं.

मुखरू ओट्यावर बसला. बंडीखाली ते टोपलं तसंच पडलं होतं, राख वाळून त्यात अंगाचा खळगा उठला होता. भागीरथानंही तिकडे पाहिलं.

"कशी होती?" मग तिनं हळूच विचारलं.

"बरी होती."

"म्हंजे कोंबडी, का तिची भाजी?"

मुखरूनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, विचार केला, आणि मिटून घेतलं. मग त्यानं तिनं खाली ठेवलेलं सूप उचललं आणि धान पाखडायला बसला.